सहा महिन्यांचा मांडव

मागच्या वर्षी बार्सिलोनाला गेले होते तेव्हा सगळ्यांनी हे बघ ते बघ अशी भलीमोठी यादी दिली होती, पण माझ्या डोक्यात कितीतरी वर्षांपासून एकच जागा होती, मोंट्जुइक टेकडीच्या पायथ्याशी असलेली एक बुटकी, सपाट छपराची इमारत, जिच्यात बघायला म्हणून काहीच ठेवलेलं नाहीये. म्हणजे खरोखर काहीच नाही. चित्रं नाहीत, कपाटं नाहीत, वस्तू नाहीत. दोन पांढऱ्या खुर्च्या, काही बैठी स्टुलं, दोन उथळ तळी आणि एक पुतळा. मी तिथे जवळजवळ अडीच तास होते.

आत सोनेरी-तपकिरी ऑनिक्स दगडाची एक भिंत आहे. दगड कापून त्याच्या चकत्या अशा लावल्यात की जणू वही मधोमध उघडून ठेवलीय, त्यामुळे एका चकतीतली शीर शेजारच्या चकतीत आरशात दिसावी तशी उलटी होऊन पुढे जाते आणि थोडा वेळ बघत राहिलं की त्या शिरांमध्ये डोंगर दिसायला लागतात, ढग दिसायला लागतात. गंमत म्हणजे ही एवढी देखणी भिंत छपराचं वजन घेतच नाही. ते काम क्रोमने मढवलेले आठ बारीक खांब करतात, अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे, इतके चकचकीत की ते आहेत हे आधी लक्षातच येत नाही. भिंती नुसत्या उभ्या आहेत, मोकळ्या, आपल्याला इकडून तिकडे वळवत नेणाऱ्या. आणि मागच्या छोट्या तळ्यात गेओर्ग कोल्बेने केलेला पुतळा, सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात वर केलेली बाई. ती पाण्यात दिसते, हिरव्या संगमरवरात दिसते, काचेत दिसते, आपण दोन पावलं सरकलो की तीही सरकते.

हे म्हणजे १९२९ च्या बार्सिलोनातल्या जागतिक प्रदर्शनातलं जर्मनीचं दालन. मीस व्हान डेर रोह हा आर्किटेक्ट आणि डिझायनर लिली राइश या दोघांनी केलेलं, आणि ती जगभर ऑफिसांच्या लॉबीत दिसणारी चामड्याची बार्सिलोना चेअर ह्याच दालनासाठी केली होती. पण मी ज्या भिंतीला हात लावला ती १९२९ ची नाहीच. प्रदर्शन संपल्यावर १९३० मध्ये दालन मोडून टाकलं, सामान विकून टाकलं, संपलं. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना ही इमारत माहीत होती ती मोजक्या कृष्णधवल फोटोंमधून, आणि त्या मोजक्या फोटोंच्या जोरावर ती विसाव्या शतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या इमारतींमध्ये गणली गेली. शेवटी १९८३ ते १९८६ या काळात जुने नकाशे, फोटो आणि जमिनीत सापडलेल्या पायाच्या खुणा यांच्यावरून त्याच जागेवर ती पुन्हा बांधली.

आठ-नऊ महिने उभ्या असलेल्या एका इमारतीसाठी माणसं पन्नास वर्षांनी परत येतात, तोच दगड शोधत हिंडतात, ती पुन्हा बांधतात, हे मला फार विलक्षण वाटतं. आणि म्हणूनच जागतिक प्रदर्शनं हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. माझं म्हणणं अगदी सरळ आहे. ही प्रदर्शनं म्हणजे मांडव होते, सहा महिन्यांसाठी घातलेले अवाढव्य मांडव, आणि ते नंतर उतरवायचे आहेत हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणूनच त्यांच्यात एवढं धाडस होऊ शकलं. कायमची इमारत बांधायची म्हटली की कमिटी शंभर शंका काढते. टेम्पररी आहे म्हटलं की तीच कमिटी म्हणते, बरं, करून बघा.

आता १८५१ चं लंडनच बघा ना. हाइड पार्कमध्ये सगळ्या जगाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आणि हेन्री कोल हे त्यामागचे मुख्य लोक. डिझाइनं मागवली तर २४५ आली आणि कमिटीने सगळी नाकारली, मग स्वतःचंच एक काढलं, विटांचं, वर भलाथोरला घुमट. त्यावर लंडनकर प्रचंड भडकले, कारण एवढ्या विटा एकदा रचल्या की ते बांधकाम पार्कातून परत कोण हलवणार? बरोबरच होतं त्यांचं. तेव्हा जोसेफ पॅक्स्टन पुढे आला. हा माणूस आर्किटेक्ट नव्हता, माळी होता, चॅट्सवर्थच्या जहागिरीतल्या बागांचा प्रमुख. ११ जून १८५० ला रेल्वेच्या एका मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याने समोरच्या गुलाबी टीपकागदावर शाईने एक कच्चं चित्र काढलं, छपराच्या पायऱ्यापायऱ्यांचा छेद आणि इमारत बाहेरून कशी दिसेल ते, बस, आणि पुढच्या आठ-नऊ दिवसांत पूर्ण आराखडा तयार केला.

तो टीपकागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. त्याचा फोटो मी कितीदा मोठा करून बघितलाय सांगता येणार नाही. शाई पसरलीय, रेघा घाईच्या आहेत, पण पुढे जे उभं राहिलं ते सगळं त्यात आहे.

पॅक्स्टनला हे सुचलं ते त्याच्या काचघरांमुळे. अमेझॉनमधलं ते महाकाय कमळ त्याने इंग्लंडमध्ये फुलवून दाखवलं होतं, त्याचं पान एवढं मजबूत की १८४९ मध्ये त्याने आपल्या लहान मुलीला त्यावर उभं केलं होतं. पानाच्या खालच्या बाजूला शिरांचं जे जाळं असतं, मधून निघणाऱ्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पातळ शिरा, ते तो बारकाईने बघत आला होता. आणि प्रदर्शनासाठी उभी राहिलेली ही काचेची इमारत, क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काय, तर २४ फुटांच्या मापाच्या पटीत बसवलेला लोखंडाचा सांगाडा, त्याच त्याच आकाराचे हजारो सुटे भाग, आणि जवळजवळ ३ लाख काचेची तावदानं. कारखान्यात ओतायचं, आणायचं, जोडायचं. खांब आतून पोकळ, छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्यातूनच खाली जायचं. छपराच्या लाकडी पन्हळी अशा कोरल्या होत्या की बाहेरचं पावसाचं पाणी वरच्या मोठ्या खोबणीतून जाईल आणि आत काचेवर माणसांच्या श्वासाने धरणारं दव बाजूच्या बारक्या खोबणींतून. आणि ह्याच पन्हळींचा रूळ म्हणून वापर करून त्यावर चाकाच्या गाड्या फिरवल्या, काच बसवणारे कामगार त्यात बसायचे, गाडी मागे मागे सरकत जायची आणि पुढे छप्पर तयार होत जायचं. ऐंशी माणसांनी एका आठवड्यात अठरा हजारांहून जास्त काचा बसवल्या. हे वाचताना मला दरवेळी त्या गाडीत बसलेला माणूस दिसतो, डिसेंबरची थंडी, खाली साठेक फूट मोकळी जागा, आणि तो आपला एकेक तावदान पुट्टीत दाबत चाललाय.

पार्कातली मोठी एल्मची झाडं तोडायला लोकांचा विरोध होता, तर झाडं तोडलीच नाहीत, त्यांच्यावरूनच काचेची उंच कमान नेली. इमारतीत झाडं आणि झाडांवर चिमण्या. १ मे १८५१ ला उघडलं आणि पाच-साडेपाच महिन्यांत ६० लाख तिकिटं गेली. मे महिन्याच्या शेवटी तिकीट एक शिलिंगवर आणलं तेव्हा तर गावागावातून कामगार, शेतकरी, शाळेची मुलं रेल्वेने यायला लागली, कित्येकांनी त्याआधी लंडन बघितलंच नव्हतं. मला ह्या प्रदर्शनातली ही गोष्ट सगळ्यात जास्त भिडते, लॉर्ड आणि गिरणी कामगार एकाच छपराखाली एकाच मशिनसमोर उभे राहून बघतायत.

आणि हो, तिथे कोहिनूरही होता. दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला. सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता, लोकांनी रांगा लावल्या, आणि बघून लोक नाराज झाले, चमकत नाही म्हणाले. कारण तो आपल्या पद्धतीने पैलू पाडलेला होता, दगडाचं वजन राखणारा, चकाकी फेकणारा नव्हे. तर १८५२ मध्ये तो पुन्हा कापला आणि १८६ कॅरेटचा हिरा १०५ वर आला. एका मुलाकडून काढून घेतलेली वस्तू, तीही बघणाऱ्यांना पुरेशी चमकली नाही म्हणून जवळजवळ निम्मी झिजवून टाकली. मला याचा राग येतो आणि तो राग मी लपवणार नाही.

पण त्याच प्रदर्शनातून १ लाख ८६ हजार पौंड नफा झाला आणि तो पैसा त्यांनी शहाण्यासारखा वापरला. त्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली, जिथे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे, सायन्स म्युझियम आहे, नॅचरल हिस्ट्री म्युझियम आहे. उरलेल्या निधीतून स्कॉलरशिप सुरू झाल्या. अर्नेस्ट रदरफोर्ड न्यूझीलंडहून केंब्रिजला आला तो ह्याच १८५१ च्या स्कॉलरशिपवर, आणि १९३० च्या दशकात आपले होमी भाभाही ह्याच फंडाच्या स्टुडंटशिपवर केंब्रिजमध्ये काम करत होते. म्हणजे मांडव उतरवला पण त्याच्या तिकिटांच्या पैशावर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी एक मुंबईचा मुलगा कॉस्मिक किरणांवर गणितं करतोय. काचेची इमारत नंतर सिडनहॅमला हलवली, आणखी मोठी करून, १८५४ मध्ये, आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री ती जळून गेली.

पॅरिसबद्दल थोडक्यात लिहिते कारण आयफेल टॉवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. १८८९ चं प्रदर्शन, फ्रेंच राज्यक्रांतीची शंभरी. टॉवरला परवानगी वीस वर्षांची होती, नंतर उतरवायचा असंच ठरलं होतं, १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट. पहिलं चित्र आयफेलचं नाही, त्याच्या कंपनीतल्या मॉरिस कोशलँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनियरांचं, कमानी आणि सजावट स्तेफान सोव्हेस्त्र या आर्किटेक्टची. काम चालू असताना १८८७ मध्ये मोपासाँ, गुनो, ऑपेरा हाउसवाला गार्निए अशा मोठमोठ्या कलावंतांनी पेपरात पत्र छापून निषेध केला होता की हे लोखंडी धूड पॅरिसला विद्रूप करेल. टॉवर वाचला तो बिनतारी संदेशासाठी, एवढ्या उंचीचा अँटेना सैन्याला दुसरीकडे कुठे मिळणार होता.

मला हळहळ वाटते ती टॉवरच्या समोर असलेल्या यंत्रांच्या दालनाची. ११० मीटरहून जास्त रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. तीन सांध्यांच्या कमानी, तळाशी इतक्या निमुळत्या होत जाणाऱ्या की एवढं मोठं छप्पर दोन्ही बाजूंनी नुसतं टोकावर टेकलंय असं वाटायचं. आत फिरते पूल होते, त्यावर लोकांना उभं करून चालू मशिनांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे. १९१० मध्ये पाडलं. दोन भावंडांपैकी एक जगप्रसिद्ध झालं आणि दुसऱ्याचं नाव फक्त इंजिनियरिंगच्या पुस्तकात उरलं.

१८९३ चं शिकागो आपल्याला शाळेपासून माहीत असतं ते विवेकानंदांमुळे. ११ सप्टेंबर, सर्वधर्म परिषद. पण ती परिषद ज्या प्रदर्शनाचा भाग म्हणून भरली होती त्याबद्दल शाळेत कोणी फारसं सांगत नाही. कोलंबस अमेरिकेत पोचला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून भरवलेलं, आर्किटेक्ट डॅनियल बर्नहॅम मुख्य, बागा आणि पाणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचं. जॅक्सन पार्कच्या दलदलीत तळी खोदली आणि त्यांच्याभोवती रोमन खांब, घुमट, कमानी असलेलं एक अख्खं पांढरं शहर उभं केलं. व्हाइट सिटीच म्हणायचे त्याला. आणि ते शहर कशाचं होतं माहितीये? प्लास्टर, थोडं सिमेंट आणि तागाचे धागे. ह्या मिश्रणाला स्टाफ म्हणायचे, साच्यात ओतायचं, वाळलं की करवतीने कापता येतं, खिळे मारता येतात, लाकडी आणि लोखंडी सांगाड्यावर ठोकलं की दुरून संगमरवर. रंगवायला वेळ नव्हता तर हवेच्या दाबाने नळीतून पांढरा रंग फवारला. आणि रात्री ह्या सगळ्यावर वेस्टिंगहाउसने टेस्लाच्या एसी करंटवर दिवे लावले. ज्यांच्या घरात कंदील होता अशा लाखो माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खं शहर विजेने उजळलेलं बघितलं. त्या क्षणाला किती जणांच्या तोंडून शब्द फुटला नसेल.

आयफेल टॉवरला उत्तर म्हणून तिथे जॉर्ज फेरिसने चाक फिरवलं, २६४ फूट उंच, ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं. जत्रेतला पाळणा म्हणून आपण ज्यात बसतो त्या सगळ्या मोठ्या चाकांना इंग्रजीत आजही ह्याच माणसाचं नाव आहे. रविवर्म्याची दहा चित्रं ह्याच प्रदर्शनात गेली होती आणि त्यांना पदकं मिळाली. जपानने तळ्यातल्या बेटावर जुन्या देवळासारखं एक दालन बांधलं होतं, त्या वेळी तरुण असलेल्या फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टच्या कामावर त्याचा परिणाम झाला असं मानतात, आणि त्याची लांब पुढे आलेली छपरं बघितली की पटतं.

सगळ्यांना ते पांढरं शहर आवडलं असं नाही. लुई सलिव्हन हा शिकागोचाच आर्किटेक्ट, त्याने वाहतुकीचं दालन केलं होतं, पांढरं नाही, लाल-नारिंगी-पिवळं, आणि एकात एक कमानी असलेला सोनेरी दरवाजा. तो नंतर म्हणाला की ह्या प्रदर्शनाने अमेरिकन आर्किटेक्चरचं जे नुकसान केलं ते अर्धं शतक भरून येणार नाही, कारण आता जो तो रोमन खांब लावत सुटेल. आणि लागलेच, बँका, लायब्ररी, कोर्टं, सगळीकडे. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर रस्ते, बागा, पाणी आणि इमारती यांचा एकत्र विचार करून शहर आखायचं असतं ही कल्पना अमेरिकेत रुजली ती इथूनच. मी ह्यात सलिव्हनच्या बाजूची आहे, पण बर्नहॅमचं काम बघून मन भरून येतं हेही खरंच.

१८९४ मध्ये आगीत ते शहर जवळजवळ सगळं गेलं. ललित कलांचं दालन मात्र टिकलं, कारण त्यात ठेवायला जगभरातून उसनी आणलेली चित्रं आगीपासून सुरक्षित राहायला हवी होती, म्हणून प्लास्टरच्या आत विटांचं पक्कं बांधकाम केलं होतं. आज तिथे शिकागोचं सायन्स म्युझियम आहे.

आता जे लिहायचंय ते लिहायला जड जातं. ह्या प्रदर्शनांमध्ये माणसं मांडली जायची. वस्तू मांडतात तशी. १८८९ च्या पॅरिसमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचं गाव वसवलं होतं, लोक तिकीट काढून त्यांना स्वयंपाक करताना बघायचे. १९०४ च्या सेंट लुईसमध्ये फिलिपीन्समधून हजाराहून जास्त माणसं आणली होती, आणि म्हातारा झालेला, कैदेत असलेला जेरोनिमो, अमेरिकेतल्या मूळच्या अपाची जमातीचा सेनानी, तिथे स्वतःचे फोटो आणि सह्या विकत बसायचा. आणि हे फार जुनं आहे असं वाटत असेल तर १९५८ चं ब्रुसेल्स बघा. एकीकडे अ‍ॅटोमियम, लोखंडाच्या स्फटिकाची रचना अब्जावधी पटींनी मोठी करून बांधलेले १०२ मीटर उंचीचे चकाकते नऊ गोळे, अणुयुगाची आशा, आणि त्याच आवारात बांबूच्या कुंपणामागे काँगोतून आणलेली कुटुंबं, ज्यांच्याकडे बघ्यांनी केळी आणि नाणी फेकली. त्या माणसांनी शेवटी हे सहन करायला नकार दिला आणि प्रदर्शन संपायच्या आधीच घरी निघून गेली. दोन वर्षांनी काँगो स्वतंत्र झाला. अ‍ॅटोमियमचे फोटो काढताना त्या कुंपणाची आठवण ठेवायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

पण ह्याच मांडवात उलट बोलणारेही उभे राहिले. शिकागोत काळ्या अमेरिकन लोकांना स्वतःचं दालन मिळालं नाही, तर गुलामीतून सुटून काळ्यांचा नेता झालेला फ्रेडरिक डग्लस हैती देशाच्या दालनाचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसला आणि आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईबरोबर काढलेली एक पुस्तिका येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली, काळा अमेरिकन माणूस ह्या प्रदर्शनात का नाही हे सांगणारी. आणि सात वर्षांनी, १९०० च्या पॅरिसमध्ये, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या समाजशास्त्रज्ञाने अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर हाताने रंगवलेले तक्ते नेले. जमीन किती, शाळा किती, कोण कुठलं काम करतं, गुलामीतून सुटलेल्या समाजाने पस्तीस वर्षांत काय काय उभं केलं त्याचे आलेख. तुम्ही ते तक्ते कधी बघितले नसतील तर जरूर बघा. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या रंगांच्या पट्ट्या, एक आलेख तर पट्टी कागदात मावत नाही म्हणून गोगलगायीसारखा गोल गोल वळत आत जातो. १९२० च्या दशकातली मॉडर्न चित्रं वाटावीत इतके ताजे. त्या प्रदर्शनाला सुवर्णपदक मिळालं. १९०० चं पॅरिस म्हटलं की लोक आर्ट नूव्हो ही वेलींसारख्या वळणांची कलाशैली आणि सरकता फूटपाथ यांबद्दल बोलतात, मला हे तक्ते जास्त मोलाचे वाटतात.

बार्सिलोनात त्या दिवशी मी दालनातून निघाले आणि चालत टेकडी चढून वर चित्रकार मिरोच्या म्युझियममध्ये गेले. तिथे काचेमागे एक कारंजं आहे, शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं, पाण्याऐवजी पाऱ्याचं. पारा एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर असा घरंगळत पडतो की पाणी आणि धातू यातलं नेमकं काय बघतोय तेच कळेना. विषारी असतो म्हणून आता बंद काचेत. हे कारंजं १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या दालनात होतं, उघडं, आणि लोक त्यात नाणी टाकायचे, कारण पाऱ्यावर नाणी तरंगतात. पारा होता स्पेनमधल्या अल्मादेनच्या खाणीतला, आणि त्या खाणीसाठी तेव्हा स्पेनच्या यादवी युद्धात लढाई चालू होती. आणि त्या कारंज्याशेजारच्या भिंतीवर होतं पिकासोचं गेर्निका.

ते दालन कसलं होतं तर साधा लोखंडी सांगाडा आणि पॅनलं, होसे लुइस सेर्तचं डिझाइन, युद्धात होरपळणाऱ्या सरकारने घाईघाईत उभं केलेलं, बाकीच्यांपेक्षा उशिरा, जुलैमध्ये उघडलेलं. पिकासोला जानेवारीतच चित्र सांगितलं होतं आणि त्याला काही सुचत नव्हतं. २६ एप्रिलला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, १ मे ला त्याने पहिली स्केचेस केली आणि जूनच्या सुरुवातीला जवळजवळ पावणेआठ मीटर लांब चित्र तयार होतं. प्रदर्शनाच्या मुख्य रस्त्यावर तेव्हा हिटलरच्या जर्मनीचं दालन, वर गरुड, आणि बरोबर त्याच्यासमोर स्टालिनच्या रशियाचं दालन, वर हातोडा-विळा उगारलेले व्हेरा मुखिनाचे दोन प्रचंड स्टीलचे पुतळे, एकमेकांच्या अंगावर धावून आल्यासारखे. दोन्ही दालनांना सुवर्णपदकं दिली होती. आणि त्यांच्यापासून जवळच त्या लहानशा दालनात ते करड्या रंगातलं चित्र, घोडा, बैल, मेलेलं मूल घेतलेली आई.

नंतरचं मॉन्ट्रियल आणि ओसाका मलाही आवडतं, १९६७ मध्ये मोशे साफ्दीने स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या प्रबंधावरून ३५४ काँक्रीटची खोकी एकमेकांवर रचून घरं बांधली आणि त्यात आजही लोक राहतात, १९७० मध्ये केन्झो तांगेचं अवाढव्य छप्पर फोडून वर आलेला तारो ओकामोतोचा ७० मीटरचा सूर्यमनोरा, छप्पर पुढे काढून टाकलं आणि मनोरा मात्र लोकांनी पाडू दिला नाही. पण त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहायला हवी.

मला आज जे सांगावंसं वाटतंय ते हरवलेल्या गोष्टींबद्दल आहे. १९३७ च्या त्याच दालनात जिन्याशेजारी खुद्द मिरोचं एक चित्र होतं, हातात विळा घेतलेला कॅटलान शेतकरी, साडेपाच मीटर उंच, तिथल्या पॅनलांवरच रंगवलेलं. प्रदर्शन संपल्यावर ते स्पेनला पाठवलं आणि गायब झालं. फोटो आहेत, तेही कृष्णधवल. कुठला रंग कुठे होता हे आज नक्की सांगता येत नाही.

आणि शिकागो. १८९३ मध्ये तिथे एक स्त्रियांची इमारत होती, डिझाइन सोफिया हेडनचं, एमआयटीमधून आर्किटेक्चरची पूर्ण पदवी घेतलेली पहिली मुलगी, स्पर्धा जिंकली तेव्हा वय जेमतेम २१-२२. तिला पुरुष आर्किटेक्ट्सच्या मानाने खूपच कमी पैसे दिले, काम करताना इतका त्रास झाला की ती आजारी पडली, आणि त्यानंतर तिची दुसरी इमारत काही उभी राहिली नाही. त्या इमारतीच्या मुख्य दालनात, उंचावर, चित्रकार मेरी कसाटने एक भित्तिचित्र केलं होतं. फळबागेत बायका आणि मुली झाडावरची फळं तोडतायत, ज्ञानाची फळं, एक जण वर हात करून तोडतेय, दुसरी खाली लहान मुलीच्या हातात देतेय. चित्रात एकही पुरुष नाही. कसाटने ते फ्रान्समधल्या खेड्यात राहून रंगवलं. कॅनव्हास जवळपास ५८ फूट लांब, आणि शिडीवर चढून रंगवायचं तिला नको होतं, म्हणून तिने काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला आणि त्याच्या जमिनीत लांबच लांब चर खणून घेतला. वरचा भाग रंगवायचा असला की कॅनव्हास त्या चरात खाली उतरवायचा. ती जमिनीवर उभी, आणि झाडांचे शेंडे तिच्या डोळ्यांसमोर.

इमारत पाडली, त्याआधी ते चित्र उतरवलं होतं. त्यानंतर ते कुठे गेलं हे आजपर्यंत सापडलेलं नाही. कॅनव्हासवर होतं, भिंतीवर नाही, म्हणजे गुंडाळता येतं. मी अजूनही मधूनमधून शोधते, कुठे जुनं गोदाम उघडलं, कुठल्या घराच्या माळ्यावर काही सापडलं अशी बातमी आली की आधी तेच मनात येतं.